काश्मिरी गेटवर हरवलेली फाइल

मूळ कागदपत्रांची फाइल दिल्ली मेट्रोत हरवली तर नेमके काय करायचे, हे ६ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळी मला कोणी सांगितले असते, तर पुढचे पाच दिवस बहुधा दोन दिवसांत आटोपले असते. मुखर्जीनगर, गांधीविहार आणि जुने राजेंद्रनगर या भागांत केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी राहणाऱ्या मराठी मुलामुलींच्या खोल्यांमध्ये अशी एक फाइल असतेच, आणि मुलाखतीच्या काळात ती हातात घेऊनच शहरभर फिरावे लागते. म्हणून घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे. मुलाखतीचा निकाल हा या लेखाचा विषय नाही. अंतिम यादीत माझे नाव नव्हते, एवढे सांगून तो भाग संपवते.

माझी मुलाखत सोमवारी, २४ फेब्रुवारीला होती. ६ तारखेच्या गुरुवारी मंडी हाउसजवळ एका निवृत्त मराठी अधिकाऱ्यांकडे सराव मुलाखत ठरली होती, आणि त्यांनी कागदपत्रे एकदा नजरेखालून घालण्यासाठी आणायला सांगितली होती. झेरॉक्स नेल्या असत्या तरी चालले असते, परंतु मी मूळ प्रतीच नेल्या. दहावीचे प्रमाणपत्र, पदवी, जातीचा दाखला, केंद्र सरकारच्या नमुन्यातील इतर मागासवर्गाचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आणि नावातील स्पेलिंगच्या फरकासाठी केलेले प्रतिज्ञापत्र हे सारे एका तपकिरी प्लास्टिकच्या फाइलीत होते आणि ती फाइल एका कापडी पिशवीत होती. फाइलीवर माझे नाव होते, फोन क्रमांकही होता. मात्र तो आमच्या घरच्या, तीन वर्षांपूर्वी बंद झालेल्या दूरध्वनीचा होता. ही गोष्ट नंतर महत्त्वाची ठरली.

परतीचा मार्ग रोजच्या ओळखीचा होता. मंडी हाउसहून व्हायोलेट लाइनने आयटीओ, दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किला आणि काश्मिरी गेट. तेथे गाडी बदलून यलो लाइनने सिव्हिल लाइन्स, विधानसभा, विश्वविद्यालय आणि जीटीबी नगर. त्या वेळच्या दरांप्रमाणे या अंतराला ३० रुपये पडत आणि स्मार्ट कार्ड असेल तर त्यावर १० टक्के सवलत मिळे. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दर वाढले, त्यामुळे आता हे आकडे धरून चालू नये.) गाडी विश्वविद्यालय स्थानकात शिरत असताना खांद्यावरची सॅक सारखी करायला गेले, तेव्हा दुसरा हात रिकामा असल्याचे लक्षात आले. तो क्षण वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्याची अशी फाइल कधी पाच मिनिटे जरी दिसेनाशी झाली असेल, त्याला तो ठाऊक आहे.

मी विश्वविद्यालयला उतरले, बाहेर न पडता समोरच्या फलाटावर गेले आणि काश्मिरी गेटला परत आले. तेव्हा सात वाजून गेले होते.

काश्मिरी गेट हे नाव एका स्थानकाचे असले, तरी प्रत्यक्षात ती एकमेकांना जोडलेली तीन स्थानके आहेत, आणि हे तेथून रोज जाणाऱ्यालाही कळत नाही, कारण रोज जाणारा आपली एकच वाट चालत असतो. दिल्ली मेट्रोचा अगदी पहिला टप्पा, शाहदरा ते तीस हजारी, डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून येथे रेड लाइनचा फलाट आहे आणि तो रस्त्याच्या वर, उन्नत मार्गावर आहे. डिसेंबर २००४ मध्ये विश्वविद्यालय ते काश्मिरी गेट ही यलो लाइन सुरू झाली, ती जमिनीखालून. मे २०१७ मध्ये आयटीओकडून जुन्या शहराच्या पोटातून व्हायोलेट लाइन येथवर आली, तीही भुयारी, आणि ती येथेच संपते. पंधरा वर्षांत तीन वेळा वाढत गेलेल्या वाड्यासारखी या स्थानकाची रचना झाली आहे. जिने, सरकते जिने, बोळ आणि पुन्हा जिने; शेजारी आंतरराज्य बसस्थानक असल्याने हरियाणा, पंजाब, हिमाचल आणि उत्तराखंडच्या बसगाड्यांतून उतरलेली, सुटकेस ओढणारी माणसे वेगळीच. या गर्दीत मी प्रथम दिसलेल्या ग्राहक सेवा केंद्रासमोर उभी राहिले आणि माझी फाइल हरवली आहे, असे सांगितले. पलीकडच्या कर्मचाऱ्याने अतिशय शांतपणे विचारले, “कौन-सी लाइन में, मैडम?”

मी म्हटले, “यलो.”

हे उत्तर चुकीचे होते आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. फाइल नाही हे मला यलो लाइनच्या गाडीत कळले होते. ती यलो लाइनमध्ये हरवली होती असे मात्र मुळीच नव्हते. कळण्याची जागा आणि हरवण्याची जागा यांतला हा फरक घाबरलेल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. त्या कर्मचाऱ्याने माझ्या सांगण्याप्रमाणे स्थानक नियंत्रकांना कळवले, समयपूर बादलीच्या दिशेने गेलेल्या गाडीच्या महिला डब्याबद्दल पुढे निरोप गेला, आणि मी दीड तास एका बाकावर बसून राहिले. काही मिळाले नाही. जीटीबी नगरला बाहेर पडताना कार्ड चालेना, कारण मेट्रोच्या आवारात थांबण्यालाही वेळेची मर्यादा असते. दहा रुपये जादा भरून बाहेर पडले. रात्री घरी फोन केला नाही.

शुक्रवारी, ७ तारखेला सकाळी पहिली गोष्ट केली ती दिल्ली पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘लॉस्ट रिपोर्ट’ नोंदवण्याची. यासाठी ठाण्यात जावे लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. नाव, पत्ता, मोबाइल, हरवलेल्या वस्तूंची यादी, ठिकाण आणि वेळ भरली की नोंदीची प्रत लगेच मिळते. हा एफआयआर नव्हे आणि यावरून तपास होत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. परंतु दुय्यम प्रमाणपत्रे काढायची वेळ आली, तर हरवल्याचा कागद म्हणून हीच प्रत पुढे करता येते. प्रत्येक प्रमाणपत्राचे नाव, क्रमांक आणि ते देणाऱ्या कार्यालयाचे नाव स्वतंत्रपणे लिहावे. मी घाईत ‘शैक्षणिक कागदपत्रे’ असे एकत्र लिहिले आणि नंतर दुसरी नोंद करावी लागली. क्रमांक मला पाठ नव्हते. फोनमध्ये काढून ठेवलेल्या छायाचित्रांवरून आणि डिजिलॉकरमधून ते मिळाले.

त्यानंतर मेट्रोच्या १५५३७० या मदत क्रमांकावर फोन केला. तेथे तक्रार नोंदवून घेतली आणि काश्मिरी गेट स्थानकातच असलेल्या हरवले-सापडले कार्यालयाची माहिती दिली. साऱ्या जाळ्यात प्रवाशांच्या सापडलेल्या वस्तू शेवटी येथेच येतात. एखाद्या स्थानकात मिळालेली वस्तू आधी काही काळ त्याच स्थानकात राहते आणि मालक न आल्यास मग इकडे पाठवली जाते. म्हणजे हरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी तेथे जाऊन वस्तू न दिसली, तर ती सापडलीच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. मी मात्र तसाच अर्थ घेतला.

कार्यालय शोधायलाच मला वीस मिनिटे लागली. स्थानकात अनेक प्रवेशद्वारे आहेत आणि चुकीच्या द्वाराने बाहेर पडल्यास पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेतून आत यावे लागते, म्हणून बाहेर पडण्याआधीच एखाद्या कर्मचाऱ्याला विचारून घ्यावे. कार्यालयाच्या वेळा मदत क्रमांकावर आधी विचाराव्यात हेही ओघाने आलेच. आत एक मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांनी वही उघडून दोन दिवसांच्या नोंदी पाहिल्या आणि मान हलवली. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, “बेटा, दो-तीन दिन में फिर पूछ लेना। काग़ज़ कोई रखता नहीं है, लौट आता है।” काच खाली असलेल्या त्या टेबलामागे छत्र्या, जेवणाचे डबे, हेल्मेटे आणि एक लहान मुलाची तीनचाकी दिसत होती. तीनचाकी गाडीत कशी विसरली असेल, या विचाराने त्या दिवसात प्रथमच थोडे हसू आले.

दुपारी मंडी हाउसला गेले. तेथील तपासणीच्या वेळी सॅक आणि पिशवी दोन्ही क्ष-किरण यंत्रातून घातल्या होत्या आणि पिशवी पट्ट्यावरच राहिली असावी, असा संशय होता. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांना वेळ सांगितली. चित्रण मला दाखवले नाही, ते अपेक्षितही नव्हते. पण अर्ध्या तासाने एका महिला जवानाने येऊन सांगितले की, यंत्रातून निघालेली पिशवी मीच उचलली होती. नकारार्थी उत्तर असूनही ते मला मोलाचे वाटले, कारण एक शक्यता कमी झाली.

त्या रात्री बाबांना फोन केला. ते लातूरला असतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “नॉन-क्रिमीलेअरपण त्यातच होतं का गं?” हो म्हटल्यावर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शनिवार, नंतर रविवार. सरकारी कार्यालये सोमवारपर्यंत बंद. सोमवारी उघडताच आपण दुय्यम प्रतीच्या मागे लागू, तू तिकडे शोधत राहा, असे ठरले.

शनिवारी दिल्ली विधानसभेची मतमोजणी होती आणि मुखर्जीनगरमधला प्रत्येक चहावाला दूरचित्रवाणीपुढे उभा होता. मी खोलीत एक कागद घेऊन बसले. माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या नांदेडच्या मैत्रिणीने सुचवले की, ‘कुठे हरवली’ हा प्रश्न सोडून दे आणि ‘शेवटची कुठे होती’ एवढेच लिही. जीटीबी नगरच्या ग्राहक सेवा केंद्रात कार्ड दाखवल्यावर मागच्या व्यवहारांची माहिती मिळते. त्यावरून मंडी हाउसला मी ६ वाजून २२ मिनिटांनी आत गेले होते हे कळले. तेथून पुढे एकेक स्थानक आठवत गेले. दिल्ली गेटला मला बसायला जागा मिळाली होती. टोकाची जागा होती, आणि पिशवी मी मांडीवरून काढून आसन व काचेची आडभिंत यांच्या फटीत उभी ठेवली होती, कारण फोनवर मैत्रिणीचा निरोप लिहायला दोन्ही हात हवे होते. काश्मिरी गेटला ‘ही गाडी येथेच रिकामी होईल’ अशी घोषणा झाली, सगळे एकदम उठले, मीही उठले. यलो लाइनच्या फलाटाकडे जाताना सरकत्या जिन्यावर एका हाताने कठडा धरला होता आणि दुसऱ्या हाताने फोन. पिशवीला तिसरा हात नव्हता.

म्हणजे फाइल व्हायोलेट लाइनमध्ये राहिली होती, आणि दोन दिवस मी तिचा शोध समयपूर बादलीकडे घेत होते.

रविवारी पुन्हा काश्मिरी गेटला, या वेळी व्हायोलेट लाइनच्या फलाटावर गेले. तेथे कर्मचाऱ्यांना सांगण्यासाठी वाक्य मनाशी तयार केले होते: पावणेसातच्या सुमारास आलेली गाडी, महिला डबा, टोकाची जागा. बोलण्याआधी एक गाडी येऊन थांबली, रिकामी झाली, आणि तीच गाडी बल्लभगढच्या राजा नाहर सिंह स्थानकाकडे परत निघण्याच्या तयारीत होती. तेवढ्यात फलाटावर महिलांच्या डब्याची गुलाबी पाटी माझ्यापासून अगदी दूर, दुसऱ्या टोकाला दिसली. दिल्ली मेट्रोत गाडी ज्या दिशेने जाते, त्या दिशेचा पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. काश्मिरी गेट हे व्हायोलेट लाइनचे शेवटचे स्थानक. येथे गाडीची दिशा उलटते, आणि येताना पहिला असलेला डबा जाताना शेवटचा होतो. माझी पिशवी महिलांच्या डब्यात राहिली होती खरी, परंतु गाडी परत निघाली त्या क्षणापासून तो महिलांचा डबा राहिलाच नव्हता. ‘महिला डब्यात बघा’ असे मी बिनचूक मार्गिका सांगून म्हटले असते, तरी पाहणाऱ्याने गाडीच्या उलट टोकाला पाहिले असते.

या एका गोष्टीसाठीच खरे तर हा सारा लेख लिहिला आहे. शेवटच्या स्थानकावर वस्तू राहिली असेल, तर परतीच्या दिशेने डबा मोजून सांगावा. आणि शक्य असेल तर डब्याच्या आतील बाजूस लिहिलेला क्रमांक लक्षात ठेवण्याची सवय लावावी, कारण तो दिशेप्रमाणे बदलत नाही.

स्थानक नियंत्रकांच्या कक्षात मी सगळे पुन्हा सांगितले. गुरुवारी पावणेसातनंतर बल्लभगढकडे गेलेली गाडी, तिचा शेवटचा डबा, तपकिरी फाइल असलेली कापडी पिशवी, पिशवीवर लातूरच्या एका कापड दुकानाचे मराठी अक्षरांतले नाव. त्यांनी ते लिहून घेतले, माझा चालू क्रमांक दोनदा वाचून दाखवला आणि मार्गावरच्या स्थानकांना विचारून कळवतो, असे सांगितले. वाट पाहण्यापलीकडे करण्यासारखे काही नव्हते. बाहेर पडून ज्या दरवाजावरून स्थानकाला नाव मिळाले, तो शाहजहानाबादच्या तटातला दुहेरी कमानीचा काश्मिरी दरवाजा पाहून आले. तीन वर्षे दिल्लीत राहून तो कधी पाहिला नव्हता.

सोमवारी, १० तारखेला साडेअकराला फोन आला. गुरुवारी रात्रीच एका प्रवाशाने बदरपूर बॉर्डर स्थानकात पिशवी जमा केली होती. तेथून फाइलीवरच्या क्रमांकावर फोनही केला गेला होता. तो बंद क्रमांक कोणाला लागणार होता? ठरलेला काळ उलटल्यावर पिशवी काश्मिरी गेटच्या कार्यालयाकडे रवाना झाली होती. म्हणजे बल्लभगढच्या वाटेवर निम्म्याहून अधिक मार्ग जाऊन ती जेथे माझ्या हातून सुटली, त्याच स्थानकात परत येत होती. बाबांना लगेच फोन लावला, पण ते तोवर तहसील कार्यालयाशेजारच्या सेतू केंद्रात रांगेत उभे राहून अर्ज भरूनही मोकळे झाले होते.

मंगळवारी, ११ तारखेला सकाळी कार्यालयात पोहोचले. आधार कार्डाची मूळ प्रत व झेरॉक्स, लॉस्ट रिपोर्टची छापील प्रत आणि साध्या कागदावरचा अर्ज एवढे नेले होते. पिशवी समोर ठेवण्याआधी तिच्यात काय काय आहे, हे त्यांनी मला तोंडी विचारले. शुक्रवारी क्रमांकांसह केलेली यादी तेव्हा उपयोगी पडली. प्रतिज्ञापत्राच्या मुद्रांकावरची किंमतही विचारली, आणि ती मला सांगता आली नाही. मग त्यांनी फाइल उघडली, माझे दहावीचे नाव आणि आधारवरचे नाव ताडून पाहिले, स्पेलिंगमधला फरक दाखवला, आणि त्या फरकाचे प्रतिज्ञापत्र त्याच फाइलीत आहे हे पाहून स्वतःच हसले. वहीत सही, तारीख, मोबाइल क्रमांक. पैसे काही लागले नाहीत. जमा करणाऱ्याचे आभार मानायचे होते, म्हणून नाव विचारले. नोंदीत फक्त ‘महिला यात्री’ असे होते.

पाच दिवसांचा एकूण खर्च मेट्रोचे भाडे, झेरॉक्स आणि छपाई धरून चारशे रुपयांच्या आत झाला. त्यात साठ रुपयांची नवी, लाल रंगाची फाइल धरलेली आहे. तिच्यावर आता चालू असलेले दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत आहेत, एक माझा आणि एक बाबांचा. आणि मूळ प्रती केवळ आयोगाच्या कार्यालयात न्यायच्या, बाकी सर्व ठिकाणी झेरॉक्स, असा नियम मी व मैत्रिणीने मिळून केला आहे. २४ तारखेला यलो लाइनने उद्योग भवनला जाताना, काश्मिरी गेट येईपर्यंत फाइल सॅकच्या आत होती आणि सॅक पुढे छातीशी होती.

त्याच्या आदल्या आठवड्याअखेर, २१ ते २३ फेब्रुवारीला, तालकटोरा स्टेडियममध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते आणि बाबा त्यासाठी दिल्लीला आले होते. शनिवारी त्यांनी आग्रहाने काश्मिरी गेटला उतरायला लावले आणि ते कार्यालय दाखव म्हणाले. आम्ही बाहेरूनच पाहिले. तेथे उभे असताना त्यांनी दुय्यम प्रतीच्या अर्जाचे काय झाले ते सांगितले. फाइल सापडली, आता अर्ज नको, असे त्यांनी खिडकीवर सांगितले तेव्हा उत्तर मिळाले होते की, अर्ज रद्द करायचा असेल तर तसा अर्ज द्यावा लागेल. तो त्यांनी दिला होता, आणि त्याची पोचपावती घडी घालून अजून पाकिटात होती.